प्रस्थान : पहाटे तीन वाजता

दिवाळीचा फराळ संपत येतो, डब्यांच्या तळाशी शेवेचा चुरा तेवढा उरतो, शाळा उघडतात. आणि मग आठ-पंधरा दिवसांत मुलांच्या दप्तरांतून एक कागद घरोघर येतो. वर शाळेचे नाव, खाली पालकांच्या सहीची जागा आणि मध्ये सहलीचा कार्यक्रम. हा अंक वाचून होतो न होतो तोच तो कागद तुमच्याही घरी येईल. मुलगा एका हाताने कागद पुढे करील आणि दुसऱ्या हाताने पेन. सही करण्याआधी त्या कागदावरची पहिली ओळ जरा थांबून वाचावी, एवढी विनंती करण्यासाठी हा लेख लिहिला आहे. ती ओळ बहुधा अशी असते : ‘प्रस्थान : पहाटे ३ वाजता.’

माझे भांडण त्या एका ओळीशी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. शाळेच्या लांबच्या सहलीत पहिला दिवस सर्वांत मोलाचा असतो, आणि आमच्या शाळा नेमका तोच दिवस ‘अंतर कापण्याच्या’ नावाखाली मारून टाकतात. तो नुसता वायाच जात असता तर हळहळून गप्प बसता आले असते. परंतु तो मारताना मुलांची झोप, मुलींची सोय, ड्रायव्हरचे डोळे आणि कधीकधी प्रत्यक्ष जीवही पणाला लावला जातो. आणि ह्या सगळ्याला आपण पालक आनंदाने सही करून मोकळे होतो!

एक नमुना घेऊ. नमुना मी बांधला आहे. पण ज्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल आहे, त्यांना तो ओळखीचा वाटेल. सोलापूरची एक शाळा, तीन दिवसांची सहल, एसटीची गाडी. पहिल्या दिवसाचा कार्यक्रम : पहाटे तीनला प्रस्थान, वाई, पाचगणी, महाबळेश्वर, प्रतापगड, रात्री घाट उतरून महाडला मुक्काम. कागदावर हे फार भरघोस दिसते. पालक ठिकाणे मोजतो, शुल्काच्या रकमेला ठिकाणांच्या संख्येने भागतो आणि सौदा स्वस्त पडला असे मानून सही करतो.

आता हा दिवस मुलाच्या अंगाने पाहा. तीनला निघायचे म्हणजे अडीचला शाळेच्या फाटकात हजर व्हायचे; म्हणजे दीडला उठायचे; म्हणजे मुळात झोपायचेच नाही. सहलीच्या आदल्या रात्री कोणते मूल दहाला झोपते? आई मध्यरात्री दशम्या करते, शेंगाचटणीची पुडी बांधते. वडील पेंगतच गाडी काढतात. गुरुजी आणि बाई टॉर्चच्या उजेडात हजेरी घेतात. तीनचे साडेतीन होतात. मग एकदाची गाडी हलते, ‘गणपती बाप्पा मोरया’ होते, गाणी सुरू होतात, आणि गावाची हद्द ओलांडते न ओलांडते तोच निम्मी गाडी माना टाकून झोपते. उरलेल्यांपैकी काहींना गाडी लागते. रिकाम्या पोटी, जागरणाने आंबलेल्या डोक्याने, बंद खिडक्यांच्या गाडीत बसल्यावर गाडी लागेल नाही तर काय होईल? ज्याला उलटी होते त्याची पुढचे तीन दिवस चेष्टा होते. पिशव्या आणि लिंबू घेऊन दोन बाई गाडीभर फिरत असतात. त्यांची सहल ती एवढीच.

आणि मुली? ह्या प्रश्नाविषयी कार्यक्रमाच्या कागदावर कधी एक शब्द नसतो. काळोखात, अनोळखी रस्त्यावर, बंद दुकानांच्या गावात गाडी थांबवली तर मुलांचे कसेबसे निभावते. मुलींनी कुठे जायचे? त्या आपापसांत ठरवून टाकतात, की पाणीच प्यायचे नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी सहलीचा पहिला दिवस तहान मारून काढते, आणि संध्याकाळी तिचे डोके दुखते तेव्हा ‘ऊन लागले असेल’ असे म्हणून आपण तिला गोळी देतो. सहलीला निघताना तिने शिकलेला पहिला धडा हा!

पण ही सगळी अंगाची गैरसोय झाली. हाल सोसल्याने मुले कणखर होतात, असे म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्याशी मी शिक्षणाच्याच मुद्द्यावर बोलतो. ह्या प्रवासात मुले काय पाहायची राहिली, त्याचा हिशेब मांडू.

सोलापूरहून पंढरपूर, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, फलटण, लोणंद ह्या वाटेने वाई आणि तिथून वर महाबळेश्वर, असा हा रस्ता सुमारे पावणेतीनशे किलोमीटरचा आहे. एसटीच्या चालीने सात तास. डिसेंबरात सूर्य उगवतो सातच्या सुमारास. म्हणजे तीनला निघालेली गाडी निम्मा रस्ता अंधारात तोडते. उजाडते तेव्हा ती नातेपुत्याच्या पुढे असते, आणि त्या वेळी गाडीत जागे असतात ते एक ड्रायव्हर आणि फार तर एक गुरुजी.

त्या अंधारात काय काय मागे पडले? सोलापूर सोडले की दुतर्फा काळी माती आणि त्या मातीत उभी असलेली रब्बीची ज्वारी. भाकरी खाणाऱ्या मुलाने ती शाळू ज्वारी कणसावर येताना पाहावी, पाऊस परतल्यावर नुसत्या ओलीवर आणि थंडीवर ती कशी वाढते ते विचारावे, ह्याहून शेतीचा चांगला पाठ कुठला? पुढे पंढरपूरला भीमा. ती तिथे वळण घेते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या वळणावर एक परिच्छेद असतो. इथे नदीचे नावच त्या वळणावरून पडले आहे. मुलाच्या शहराला उजनीचे पाणी येते ते ह्याच भीमेचे. नदी, तहान आणि देव ही तिन्ही एका घाटावर दिसतात, आणि आमची गाडी तिथून पहाटे पाचला दिवे लावून भरधाव निघून जाते!

पुढे माळशिरस ते फलटण. नीरेच्या उजव्या कालव्याने ह्या भागाचे दैव फिरवले. कालव्याखालचे रान उसाने हिरवेगार; आणि कालव्याच्या वरच्या अंगाला, शिखर शिंगणापूरच्या डोंगराकडे पाहावे तो माणदेशाची कोरड सुरू होते. पाण्याचा एक पाट माणसांचे नशीब कसे दोन भागांत वाटतो, हे गाडी थांबवून, मुलांना उतरवून, नुसते बोटाने दाखवता येते. त्यासाठी फळा लागत नाही. आणि सहलीचे दिवस म्हणजे साखर कारखान्यांच्या हंगामाचे दिवस. पहाटेपासून रस्त्याने उसाच्या बैलगाड्या निघालेल्या असतात. त्यांच्या मोळ्यांवर, नाही तर फडाच्या कडेला पालापाशी, आपल्या सहलीतल्या मुलांच्याच वयाची मुले दिसतात. त्यांच्याही अंगावर कधीकधी कुठल्याशा शाळेचा विटका गणवेश असतो. ती शाळा मात्र दोनशे किलोमीटर मागे राहिलेली असते. खिडकीतल्या मुलाची आणि मोळीवरच्या मुलाची नजरानजर व्हावी, आणि गाडीतल्या मुलाने गुरुजींना विचारावे, ‘सर, ही मुले शाळेत का नाहीत?’ नागरिकशास्त्राचे सगळे पुस्तक ह्या एका प्रश्नात आहे. तो प्रश्न विचारण्याची संधीच आपण मुलाला देत नाही. कारण तो झोपलेला असतो.

घरे बदलतात. सोलापूरकडच्या खेड्यांत आता स्लॅब आले असले, तरी जुन्या वस्तीत मातीचे सपाट माळवद अजून दिसते. वाईच्या बाजूला उतरती कौले दिसू लागतात. घाटमाथ्यावर छपरांची उतरण आणखी वाढते. छप्पर सपाट का आणि उतरते का, ह्याचे उत्तर पावसाच्या आकड्यांत आहे. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर, डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वसलेल्या वाईला तो त्याच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास. आणि फलटण-माळशिरसकडे वाईपेक्षाही कमी. ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ हा शब्द आमची मुले परीक्षेत शुद्धलेखनासकट लिहितात. ती छाया डोळ्यांनी पाहण्याचा जन्मात एखादाच दिवस त्यांना मिळतो, तो हा पहिला दिवस. काळी माती संपून जांभ्याची तांबडी माती कुठे सुरू झाली, ज्वारीची भाकरी जाऊन भात आणि नाचणी कुठे आली, हॉटेलातल्या पोऱ्याच्या बोलण्याचा हेल कुठे बदलला, ह्या गोष्टी पोहोचल्यावर दिसत नाहीत. त्या जाता जाताच दिसतात.

कोणी म्हणेल, ‘असेल, पण सहल शेवटी प्रतापगड पाहायला निघाली आहे, ज्वारी पाहायला नव्हे.’ ठीक. प्रतापगडाविषयीच बोलू.

प्रतापगड शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये बांधवून घेतला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला, हे चौथीच्या मुलालाही पाठ असते. पण मुलांना एक प्रश्न घालून पाहा : एवढी मोठी फौज घेऊन आलेला खान वाईला तळ देऊन बसला होता, महाराजांनी त्याला वाईतच का नाही गाठले? त्याने जावळीत यावे म्हणून एवढा खटाटोप कशासाठी? पुस्तकात उत्तर आहे, ‘जावळीचा प्रदेश डोंगराळ व दाट जंगलाचा होता.’ मूल ते वाक्य लिहून मोकळे होते. त्या वाक्यात काय आहे ते त्याला गडावर उभे राहूनही कळत नाही. कारण गडावर सगळाच प्रदेश डोंगराळ दिसतो. ते कळते सपाटीवरून येणाऱ्याला! खान विजापूरहून तुळजापूर, पंढरपूर करीत वाईला आला. सोलापूरची मुले ज्या मुलखातून वाईला जातात, मोठ्या मानाने त्याच मुलखातून. घोडदळ हवे तसे उधळावे, तोफा हव्या तिकडे वळवाव्यात, असा तो मोकळा, उघडा, दूरवर दिसणारा माळ. दिवसभर तो माळ खिडकीतून पाहिलेला मुलगा जेव्हा पसरणीच्या घाटाला लागतो, आणि पुढे महाबळेश्वर ओलांडून दाट झाडीत, अंगावर येणाऱ्या कड्यांत, वळणामागून वळणे घेत उतरू लागतो, तेव्हा त्याच्या पोटात जो गोळा येतो तोच इतिहासाचा अर्थ. रडतोंडीच्या घाटाने पार गावाकडे उतरणाऱ्या त्या फौजेला काय वाटले असेल, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. खान कसा एकटा पडला हे त्याला रस्त्यानेच सांगितलेले असते.

आणि जो मुलगा माळावर झोपला आणि गडाच्या वाहनतळावर जागा झाला, त्याने काय पाहिले? एक दगडी दरवाजा, एक पुतळा, ताकाचा ग्लास आणि टोप्यांची दुकाने. त्याने प्रतापगड पाहिला असे कोणी म्हणावे?

म्हणून मी म्हणतो, की पहिला दिवस हा सहलीचा पाया आहे. आणि ही काही माझी नवी कल्पना नव्हे. ज्या रस्त्याने ही गाडी जाते, तो लोणंदपासून पंढरपूरपर्यंत ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचा रस्ता आहे. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही त्या वाटेवरची मुक्कामांची गावे. जे अंतर आमची गाडी काळोखात चार तासांत मारते, त्याला पालखी आठ-दहा दिवस घेते. चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण होते, गावोगाव विसावे होतात. विठोबा तर पंढरपुरात, मग वाटेत एवढे रेंगाळायचे कशाला, असा प्रश्न वारकऱ्याला पडत नाही. कारण त्याची वारी घराच्या उंबऱ्यापासून सुरू झालेली असते. आणि सर्वांत ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही, की प्रस्थानाच्या दिवशी माउलींची पालखी आळंदी सोडीतच नाही! समाधिमंदिरातून निघून ती गावातच आजोळघरी मुक्काम करते आणि दुसऱ्या दिवशी पुण्याची वाट धरते. पहिल्या दिवशी धावायचे नसते. पहिल्या दिवशी नुसते निघायचे असते, सोबतीची, पायांची, वाटेची सवय करून घ्यायची असते, हे ह्या वारीने शतकानुशतके ओळखले. आमच्या शाळा ‘प्रस्थान’ हा शब्द तिच्याकडून घेतात, आणि त्यापुढे लिहितात, ‘पहाटे ३’!

आता ज्या गोष्टीविषयी सणासुदीच्या अंकात लिहू नये असे काहींना वाटेल, तिच्याविषयी लिहितो. सहीचा कागद सणानंतर लगेचच येणार आहे, तेव्हा इलाज नाही.

रात्रीचा शेवटचा प्रहर हा झोपेचा प्रहर आहे. गाडी हाकणारा कितीही कसलेला असो, त्या वेळी त्याचे शरीर झोप मागते. पहाटे तीनला निघून रात्री आठला मुक्काम म्हणजे सतरा तास होतात. १९६१ सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तास काम, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, अशी मर्यादा घातली होती. कायदे पुढे बदलले. परंतु माणसाचे डोळे १९६१ मध्ये जितके दमत तितकेच आजही दमतात. सहलीच्या कागदावर दुसऱ्या ड्रायव्हरचा उल्लेख तुम्ही कधी पाहिला आहे काय? आणि दिवसभर दमलेल्या त्या माणसाने शेवटी, अंधार पडल्यावर, पन्नास मुलांना घेऊन आंबेनळीचा घाट उतरायचा आहे! ह्याच घाटात २८ जुलै २०१८ रोजी सहलीला निघालेली एक बस दरीत कोसळून ३० माणसे गेली. ती सहल मोठ्या माणसांची होती आणि वेळ दिवसाची होती. घाट दिवसाही क्षमा करीत नाही. मग त्याच्यापाशी रात्रीचे कशाला जायचे?

शाळेचेच उदाहरण हवे असेल तर केरळकडे पाहा. ५ ऑक्टोबर २०२२ रोजी एर्नाकुलम जिल्ह्यातल्या एका शाळेची सहल संध्याकाळी उटीला निघाली. सहलीची ती पहिलीच रात्र. मध्यरात्रीच्या सुमारास पालक्काड जिल्ह्यात वडक्कनचेरीजवळ त्यांची भरधाव बस राज्य परिवहनच्या बसवर मागून आदळली. नऊ जण मृत्युमुखी पडले : पाच विद्यार्थी, एक शिक्षक आणि दुसऱ्या बसमधले तीन प्रवासी. शाळांच्या सहलींनी रात्रीचा प्रवास करू नये, अशी सूचना त्या राज्यात त्याआधीच दिलेली होती. सूचना कपाटात होती आणि गाडी रस्त्यावर होती. त्या मुलांच्या पालकांनीही आपल्यासारखीच सही केली असेल. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. पण त्यानंतरही डोळे मिटून सही करणाऱ्या आपल्याला दोष द्यायचा नाही तर कोणाला?

ह्यावर शाळांची उत्तरे ठरलेली आहेत. त्यांचाही विचार करू. कारण त्यांत काही अगदीच खोटी नाहीत.

पहिले उत्तर पैशाचे. रात्री प्रवास केला की एका मुक्कामाचा खर्च वाचतो. हे खरे. पण सहलीच्या खर्चातला मोठा वाटा असतो गाडीचा, आणि गाडीचे भाडे ठरते मुख्यतः किलोमीटरवर. शाळांच्या सहलींना एसटी भाड्यात निम्मी सवलत देते, ती घेऊनही रोज तीनशे-साडेतीनशे किलोमीटर चाक फिरवले तर रक्कम फुगणारच. मुक्काम वाचवण्यासाठी रात्री जागवायच्या आणि वाचलेले पैसे आणखी दोन ठिकाणांच्या डिझेलात घालायचे, ही कसली काटकसर? महाड सोडा, वाईलाच राहा. जाऊन येऊन जवळजवळ दीडशे किलोमीटर वाचतात. मुक्कामाला हॉटेलच लागते असेही नाही. वाईत शाळा आहेत, फलटणला शाळा आहेत, आणि त्यांचे वर्ग रात्री रिकामे असतात. शाळेने शाळेला पत्र लिहावे. आज तुमची मुले आमच्याकडे, उद्या आमची तुमच्याकडे. गाडगे महाराजांनी गोरगरिबांसाठी ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या, त्यांतली एक ह्याच वाटेवर पंढरपुरात. ज्या महाराष्ट्रात असा माणूस होऊन गेला, तिथे पन्नास मुलांना एका रात्रीचा आसरा मिळू नये, हे मला पटत नाही.

पैशाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक बोलतो. प्रत्येक वर्गात अशी चार-पाच मुले असतात, जी तो कागद घरी दाखवीतच नाहीत. घरची परिस्थिती त्यांना ठाऊक असते. ‘मला गाडी लागते, मी नाही येत,’ असे ती मित्रांना सांगतात, आणि सहलीचे तीन दिवस रिकाम्या वर्गात, नाही तर घरीच काढतात. सहलीतले एक ठिकाण कमी केले आणि शुल्क थोडे उतरले, तर त्यांतले एखादे मूल गाडीत बसू शकेल. आठवे ठिकाण की आठवा मुलगा, असा प्रश्न मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवला तर ते काय उत्तर देतील? उत्तर त्यांना ठाऊक आहे. फक्त प्रश्न त्यांना कोणी विचारीत नाही.

दुसरे उत्तर असे, की मुलांना रस्त्यात कंटाळा येतो. ज्वारी, नदी आणि कालवा त्यांना नको असतो, त्यांना पोहोचायचे असते. ह्या उत्तरात मुलांचा अपमान आहे. रिकाम्या पोटी, न झोपलेल्या मुलाला सगळ्याचाच कंटाळा येतो. पोटभर झोपलेल्या, न्याहारी केलेल्या मुलाला खिडकीपाशी बसवा, दर तासाने जागा बदलायला लावा म्हणजे खिडकी सगळ्यांना मिळेल, आणि कामाला लावा : नद्या मोजा, मातीचा रंग कुठे बदलला ते गावाच्या नावासकट लिहा, थांबलेल्या प्रत्येक गावी एका माणसाशी बोला. मग कंटाळा कुठे जातो ते पाहा. मोबाइल काढून घ्यावा लागणार नाही. तो आपोआप खिशात जाईल. अर्थात त्यासाठी गुरुजींनी हा रस्ता आधी एकदा स्वतः पाहून ठेवलेला हवा. तेवढी तयारी नसेल, तर सहलीला ‘शैक्षणिक’ हे विशेषण लावू नये. नुसते ‘सहल’ म्हणावे, त्यात कमीपणा नाही.

तिसरे उत्तर सर्वांत खरे, आणि ते आपल्याला लागू आहे. शाळा म्हणतात, ‘पालकांनाच जास्त ठिकाणे हवी असतात. शेजारची शाळा नऊ ठिकाणे दाखवते आणि आम्ही पाचच दाखवली, तर पालक आम्हाला विचारतात.’ वाचकहो, ह्यावर माझ्यापाशी उत्तर नाही. आपणच लग्नाच्या पंगतीत पदार्थ मोजतो, यात्रा कंपनीच्या जाहिरातीत ठिकाणे मोजतो आणि मुलांच्या सहलीतही तेच करतो. मूल परत आले की आपला पहिला प्रश्न असतो, ‘काय काय पाहिलेत?’ ते नऊ नावे म्हणून दाखवते आणि आपण समाधान पावतो. ‘वाटेत काय दिसले?’ असे एकदा विचारून पाहा. जी शांतता पसरेल, ती आपल्या सहीची किंमत आहे.

तेव्हा नुसती तक्रार न करता काय करावे तेही सांगतो. पहिल्या दिवशी गाडी सूर्य उगवल्यावर सुटावी आणि सूर्य मावळायच्या आत मुक्कामी पोहोचावी. दिवसाकाठी चाक सहा तासांहून अधिक फिरू नये. दर दोन तासांनी, मुलींसाठी स्वच्छ सोय असलेल्या आधी ठरवलेल्या जागी, गाडी थांबावी, आणि ती जागा कागदावर नावानिशी छापलेली असावी. आमच्या सोलापूरच्या नमुन्यात हे अगदी सहज बसते. सातला निघा, नऊला चंद्रभागेच्या वाळवंटात बसून दशम्या खा, वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचे जुने देऊळ पाहा, माळशिरसच्या पुढे कालव्यावर उतरा, फलटणला जेवा, लोणंदला पालखीचा तळ दाखवा, आणि पाचच्या सुमारास वाईला, कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीसमोर पोहोचा. सकाळी भीमा पाहिली, संध्याकाळी कृष्णा. आणि ह्या दोन्ही नद्या पुढे एकमेकींना मिळतात, हे त्या घाटावर बसून सांगा. त्या रात्री मुले लवकर झोपतील. दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी पसरणीचा घाट चढतील, आणि प्रतापगड त्यांना काहीतरी सांगेल. राहता राहिली रायगडाची गोष्ट. तो पुढच्या वर्षी पाहा. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ त्याने वाट पाहिली आहे, आणखी एक वर्ष पाहील.

शाळांनी हे आपणहून करावे अशी आशा मी धरीत नाही. शाळा तेच करते जे पालक मागतात. म्हणून कागद घरी आला, की पेन उघडण्याआधी चार प्रश्न त्याच कागदाच्या मागे लिहून पाठवा. गाडी उजाडण्याआधी का निघते? ड्रायव्हर किती आणि ते किती तास गाडी चालवणार? मुलींसाठी गाडी कुठे कुठे थांबणार? आणि पैशाअभावी वर्गातली किती मुले मागे राहत आहेत? एका पालकाने लिहिले तर शाळा त्याला विक्षिप्त म्हणेल. दहांनी लिहिले तर सभा बोलावील. पन्नासांनी लिहिले तर पहिली ओळ बदलेल.

उत्तरे आली की सही करा. आणि मुलाला सांगा, की खिडकीपाशी बस आणि जागा राहा.